थीम पोहोचली, अक्षरे मागे राहिली

नंदुरबारहून तळोदा आणि तिथून चांदसैलीचा घाट चढून धडगाव. या रस्त्याने मी एकदा खिशात पेनड्राइव्ह घालून गेलो होतो. त्यात शिक्षकांच्या एका लहानशा प्रशिक्षणासाठी केलेले सादरीकरण होते. तीन रात्री जागून त्याची थीम बनवली होती. शीर्षकाला जाड, गोलसर अक्षर, मजकुराला साधे, तळाशी सातपुड्याची निळी रांग. पुढे तालुक्यातल्या इतर शाळांनीही आपापल्या पाठांसाठी हीच थीम वापरावी, असे आमच्यात ठरले होते.

तिथल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला. डोंगर दिसले, रंग बरोबर आले, चौकटी जागच्या जागी होत्या. पण पहिल्याच स्लाइडचे शीर्षक एका ओळीऐवजी तीन ओळींत मोडले होते आणि शेवटची ओळ डोंगरावर चढली होती. सातवी स्लाइड मी एका जुन्या फाइलमधून उचलून चिकटवली होती. तिच्यावर ‘नंदुरबार’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग उभी होती: यू, ए, एन, क्यू, जे, सी, के, जे. मागच्या बाकावरून एक मॅडम म्हणाल्या, “सर, फॉन्ट टाकला नाही का?”

प्रश्न अगदी नेमका होता. त्या दोन स्लाइड दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडल्या होत्या, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही दोन्ही कारणे माहीत असायला हवीत. एकावरचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी पहिल्या स्लाइडचे पाहू. थीम म्हणजे रंग, पार्श्वभूमी, चौकटींच्या जागा आणि अक्षरांची निवड यांचा संच, असे आपण समजतो. समज बरोबर आहे, पण ‘निवड’ या शब्दावर थांबायला हवे. चित्र थीमबरोबर जाते. रंगांचे आकडे जातात. अक्षरे मात्र जात नाहीत, त्यांचे फक्त नाव जाते. हे डोळ्यांनी बघायचे असेल तर पॉवरपॉइंटच्या फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावापुढचे शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि ती उघडा. ही फाइल म्हणजे मुळात अनेक छोट्या फाइलींचे गाठोडे असते. आत ‘थीम’ नावाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइल सापडते. तीत शीर्षकाचा फॉन्ट आणि मजकुराचा फॉन्ट अशा दोन नोंदी असतात. प्रत्येक नोंदीखाली जगातल्या लिप्यांची यादी असते. प्रत्येक लिपीला चार रोमन अक्षरांचे नाव असते आणि त्यापुढे त्या लिपीसाठी वापरायचा फॉन्ट. ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये ‘देवा’, म्हणजे देवनागरी, याच्यापुढे ‘मंगल’ असे लिहिलेले असते. गुजरातीपुढे ‘श्रुती’, तमिळपुढे ‘लता’.

एवढेच. ‘मंगल’ हा शब्द तिथे आहे, मंगलची वळणे नाहीत. ती ज्या त्या संगणकाच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये असतात. फाइल उघडली की संगणक नाव वाचतो आणि आपल्या फोल्डरमध्ये शोधतो. सापडला तर उत्तम. नाही सापडला तर मुकाट्याने जवळचा दुसरा घेतो. मी शीर्षकाला ‘बालू’ निवडला होता. धडगावच्या संगणकावर तो नव्हता, म्हणून त्याने विंडोजचा ‘निर्मला’ घातला. निर्मला वाचायला चांगला आहे, पण त्याची रुंदी वेगळी, दोन ओळींमधली जागा वेगळी. बालूच्या मापाने आखलेल्या चौकटीत दुसऱ्याच मापाची अक्षरे आली आणि ओळी मोडल्या. देवनागरीत हा फरक रोमनपेक्षा जास्त जाणवतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. त्यांना वर-खाली किती जागा सोडायची, हे प्रत्येक फॉन्ट आपल्या पद्धतीने ठरवतो.

मंगलवर आपण पिढीभर विसंबून राहिलो. हा फॉन्ट कोल्हापूरचे कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी रेखला. विंडोज २००० पासून तो संगणकात आपोआप येऊ लागला. त्यामुळे ‘मंगल सगळीकडे असतोच’ अशी समजूत झाली. विंडोज ८ पासून निर्मला आला आणि विंडोज १० मध्ये मंगल मागून घ्यायच्या जादा फॉन्टमध्ये गेला. नव्या लॅपटॉपवर तो मुळातून नसू शकतो. मॅकवर देवनागरीसाठी ‘कोहिनूर’, अँड्रॉइड फोनवर ‘नोटो’, अनेक लिनक्स संगणकांवर ‘लोहित’. सगळ्या यंत्रांवर हमखास असेल असा एकही मराठी फॉन्ट आज नाही. थीम बनवणाऱ्याने हे आधी मान्य करावे, मग पुढची कामे सोपी होतात.

यात एक बारीक पेच आहे. तो समजायला नवापूरचे रेल्वे स्टेशन चांगले. हे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर आहे. फलाटाचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यात आणि उरलेला पलीकडच्या तापी जिल्ह्यात. घोषणा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. चार भाषा आहेत, पण लिप्या तीनच, कारण मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. थीमच्या यादीत लिपीचे नाव असते, भाषेचे नसते. त्यामुळे ‘देवा’च्या एकाच रकान्यात मराठी आणि हिंदी दोघींना बसावे लागते. वरकरणी चालून जाते, पण मराठी डोळ्याला दोन अक्षरे खटकतात: ल आणि श. मराठीचा ल पाकळीयुक्त आणि श देठयुक्त. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने लेखनासाठी हीच रूपे प्रमाण ठरवली. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर हिंदी वळण समोर येते. म्हणून मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करावी. नाहीतर असा फॉन्ट घ्यावा ज्यात मराठी रूपेच मूळ आहेत. ‘तिरो देवनागरी’ या फॉन्टच्या हिंदी, मराठी आणि संस्कृत अशा वेगळ्या आवृत्त्या याच कारणाने काढल्या आहेत. पहिलीच्या मुलाला पाटीवर आपण जो ल गिरवायला देतो तोच त्याला पडद्यावर दिसावा, हा माझा आग्रह आहे. धडगावच्या मुलाच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, शाळेत तो मराठी नव्याने शिकतो. त्याच्यापुढे एकाच अक्षराची दोन वळणे विनाकारण ठेवू नयेत.

आता सातवी स्लाइड. इथे फॉन्ट नसणे हे अर्धेच कारण आहे. खरा दोष मजकुरातच होता.

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात अक्षरांसाठी जेमतेम अडीचशे जागा असत आणि त्यातल्या पहिल्या इंग्रजीने धरलेल्या. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून जाहीर झाले. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर साधने केली. पण डीटीपीच्या दुकानांत वेगळीच युक्ती चालू राहिली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचे चित्र बसवायचे. कळ दाबली ‘यू’ची, संगणकाने जपून ठेवला ‘यू’, पडद्यावर मात्र दिसला ‘न’. कृतीदेव या अशाच एका फॉन्टमध्ये यू म्हणजे न, ए म्हणजे अनुस्वार, एन म्हणजे द, क्यू म्हणजे ऱ्हस्व उकार, जे म्हणजे र, सी म्हणजे ब, के म्हणजे काना. आता माझ्या सातव्या स्लाइडवरची रांग पुन्हा वाचा. तिथे नंदुरबारच लिहिलेले होते, वर कृतीदेवचा मुखवटा नव्हता इतकेच.

श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण अशी ही मोठी मंडळी. प्रत्येकाचा नकाशा निराळा. एकाच्या जागी दुसरा लावला तर मराठीच दिसते, पण भलतीच, वाचता न येणारी. ऱ्हस्व वेलांटीचे बघा. कृतीदेवमध्ये ती टाइपरायटरच्या सवयीने अक्षराच्या आधी दाबतात. ‘दिवस’ लिहायचे तर आधी वेलांटी, मग द. रफार उलट, अक्षर झाल्यावर. म्हणजे मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठत नाही, चित्राच्या क्रमाने साठतो. अशा फाइलीत शोधायला जा, सापडत नाही. नावे अकारविल्हे लावा, लागत नाहीत. अंध शिक्षकाचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर त्यातले इंग्रजी अक्षर-अक्षर वाचते. आणि थीमच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. संगणकाच्या लेखी हा मजकूर इंग्रजी असल्याने तो थीमच्या रोमन रकान्यात जातो. कुणी थीममध्येच शीर्षकाचा फॉन्ट कृतीदेव ठेवला असेल आणि तुम्ही त्यावर नवी थीम लावली, तर एका क्षणात सगळी मराठी शीर्षके इंग्रजी अक्षरांची होतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न ठळक व्हायला भूगोलही कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. शहाद्याहून खेतिया जवळ, आणि तिकडे हिंदीसाठी कृतीदेवचे चलन. माणसे, माल, सोयरीक जशी सीमा ओलांडून येते-जाते तशा फाइलीही येतात.

या घोळावरच्या उपायाचा पाया युनिकोडने घातला. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हाच देवनागरी तिच्यात होती, आणि तिची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. युनिकोडमध्ये ‘न’ला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, २३४४. मंगल असो, मुक्ता असो, नोटो असो, २३४४ म्हणजे नच. फॉन्ट हरवला तर वळण बदलेल, शब्द बदलणार नाही. माझ्या पहिल्या स्लाइडवर ओळी मोडल्या, पण प्रत्येक शब्द वाचता येत होता, तो यामुळेच. याच जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डे दिली गेली. आधारच्या कागदावर नाव इंग्रजीबरोबर आपल्या भाषेतही छापतात. टेंभलीतल्या माणसाचे मराठी नाव देशात कुठल्याही यंत्रावर उघडले तरी तेच दिसायला हवे. नाव अक्षराच्या क्रमांकाने जपले तरच ते शक्य होते, फॉन्टच्या चित्राने जपून चालत नाही.

युनिकोडमध्येही सगळे पहिल्या दिवसापासून नव्हते. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र क्रमांकाने २००८ मध्ये आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याचे चित्र नाही. फॉन्टमध्ये चित्र नसले की रिकामा चौकोन दिसतो, आपण म्हणतो ‘डबे आले’. या चौकोनाला छपाईच्या जगात ‘टोफू’ म्हणतात आणि गुगलच्या ‘नोटो’चे नाव ‘नो टोफू’ यावरून आले आहे. दुसरे अवघड अक्षर ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दांतले. हा आडवा, अर्धा र मराठीची खूण आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. हिंदीचा विचार करून बनवलेल्या फॉन्टमध्ये किंवा जुनी फाइल युनिकोडमध्ये आणताना तो हमखास निसटतो, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सातपुड्याच्या दऱ्यांचा समुद्र होणे ही लहान चूक नाही.

आता फॉन्ट हरवू नये म्हणून छपाईच्या दुकानदारांनी काढलेली युक्ती. सारंगखेड्याला दत्तजयंतीला यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो, आणि त्या दिवसांत फ्लेक्सची कामे रात्रंदिवस चालतात. डिझाइन एका दुकानात, छपाई दुसऱ्या गावी. फाइल पाठवताना फोनवर एकच वाक्य ऐकू येते: “भाऊ, कर्व्ह करून पाठव.” कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून त्याचे रेषांमध्ये रूपांतर केले की अक्षर अक्षर राहत नाही, त्याचे चित्र होते. पलीकडे फॉन्ट असो-नसो, वळण जसेच्या तसे छापले जाते. छपाईसाठी ही रीत पक्की आणि योग्य आहे. पण एका दुकानात मी पाहिले, लग्नपत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली होती, आणि मूळ फाइल कुणीच ठेवलेली नव्हती. ७ चा ९ करायला त्या पोराला अख्खी ओळ नव्याने बसवावी लागली, तीही जवळपासच्या दुसऱ्या फॉन्टमध्ये. वधूपित्याला फरक दिसला नाही, त्या पोराला दिसला आणि तो हळहळला. कर्व्ह करायच्या आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने जपलीच पाहिजे. आणि थीमसाठी ही रीत कामाचीच नाही, कारण थीम दुसऱ्याने त्यात आपला मजकूर लिहावा म्हणूनच असते. पीडीएफचेही तसेच. तिच्यात वापरलेली अक्षरे बहुधा सोबत जातात, त्यामुळे दाखवायला आणि छापायला ती उत्तम. बदलायला नाही.

मग थीम वाटायची कशी? माझा अनुभव असा की सुरुवात फॉन्ट निवडण्यापासून करावी. ज्याची फाइल दुसऱ्याला द्यायची कायद्याने मोकळीक आहे, असाच फॉन्ट थीममध्ये घालावा. विकत घेतलेला फॉन्ट सुंदर असला तरी तो वाटायचा परवाना बहुतेक वेळा आपल्याकडे नसतो, आणि ज्याने महिनोन्‌महिने खपून ती वळणे रेखली त्याच्या कष्टाचा मान राखलाच पाहिजे. सुदैवाने मराठीत आज मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आहेत: मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा, शिवाय नोटो आणि लोहित. शीर्षकाला एक, मजकुराला एक, दोन पुरतात. तिसरा घेतलात की पुढच्या संगणकावर बिघडायची एक जागा वाढते.

त्यानंतर फॉन्ट फाइलीत बांधायचा. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने गेले की तळाशी फॉन्ट फाइलीत समाविष्ट करण्याची खूण असते. तिच्याखाली दोन पर्याय: फक्त वापरलेली अक्षरे, किंवा सगळी. थीम वाटायची असेल तर सगळीच घ्यावीत. फाइल जड होते, होऊ द्यावी. ‘वापरलेलीच’ घेतलीत तर तुम्ही ‘ज्ञ’ कुठे लिहिला नसेल आणि पलीकडच्या शिक्षकाला ‘विज्ञान’ लिहायचे असेल, तर त्याची अडचण होते. लिबरऑफिसमध्ये हीच सोय फाइलच्या गुणधर्मांत, फॉन्टच्या रकान्यात आहे. प्रत्येक फॉन्टच्या आत तो असा बांधता येईल की नाही याची एक नोंद असते, आणि काही फॉन्ट त्यामुळे बांधले जात नाहीत. शिवाय ही बांधाबांध सादरीकरणाच्या फाइलीची आहे. नुसती थीम वेगळी जपून पाठवली तर तिच्याबरोबर पुन्हा नावेच जातात. म्हणून शाळांना मी थीम सुटी देत नाही, एक कोरे सादरीकरण देतो.

आणि तरीही फॉन्टच्या मूळ फाइली त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवतो, परवान्याच्या कागदासह. ऑनलाइन सादरीकरणात फॉन्ट नेटवरून येतात, हे खरे आहे, पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्कच्या भरवशावर वर्ग सुरू करता येत नाही. फॉन्ट टाकायला फाइलीवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणायचे. पूर्वी यासाठी संगणकाच्या मुख्य पासवर्डची गरज लागे. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत आपल्या खात्यापुरता फॉन्ट पासवर्डशिवायही टाकता येतो. टाकल्यावर पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडायचे, नाहीतर नवा फॉन्ट त्याला दिसत नाही आणि लोक समजतात की फाइलच खराब आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर त्याला बांधत बसू नये. तो आधी युनिकोडमध्ये आणावा. रूपांतराची साधने मोफत मिळतात. रूपांतरानंतर वेलांट्या, रफार आणि दऱ्यांमधला र डोळ्यांखालून घालावा, यंत्रावर सोडू नये. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये वीस-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्थानिक गोष्टी, शब्दसंग्रह शिक्षकांनी मेहनतीने टंकून ठेवलेले आहेत. ते शिवाजी-कृतीदेवमध्ये पडून आहेत तोवर ते मराठीत असूनही मराठीत नाहीत. हे काम आज करायला हवे, कारण तो फॉन्ट आणि तो संगणक दोन्ही अजून कुणाकडे तरी आहेत.

थीम पाठवण्याआधी मी एक ओळ टंकतो आणि फाइल कुणाच्या तरी दुसऱ्या संगणकावर, शक्यतो जुन्यात जुन्या, उघडून बघतो. ती ओळ तुम्हीही वापरा: ‘ऑक्टोबरात नंदुरबारच्या व्यापाऱ्यांनी शहाद्याच्या शेतकऱ्यांना लाल मिरचीचा ॲडव्हान्स दिला आणि चिठ्ठीवर शुद्ध मराठीत सर्व आकडे लिहिले.’ हिच्यात ऑ आणि ॲ आहेत, दोन ठिकाणी अर्धा र आहे, ल आणि श आहेत, रफार आहे, ठ्ठ आणि द्ध ही जोडाक्षरे आहेत. ओळ जशीच्या तशी दिसली तर फाइल घाट चढायला तयार आहे. एकही अक्षर मोडले तर ती अजून पाठवू नका.